खोक्यातून आलेलं कपाट आणि आपली हत्यारं

 

आज आपण कपाटाबद्दल बोलणार आहोत. टेम्पोत उभं घालून आणतो त्या लोखंडी कपाटाबद्दल नाही. चपटं, जड खोकं दारात येतं, आत फळ्या, स्क्रूंच्या पिशव्या आणि चित्रांचा एक कागद निघतो, आणि जोडायचं आपलं आपण असतं, त्या कपाटाबद्दल.

ही खोकी आता फक्त शहरात राहिलेली नाहीत. गटाच्या शेंगाचटणीची आणि कडक भाकरीची पाकिटं मांडायला रॅक हवा असतो. ग्रामसंघाच्या खोलीत रजिस्टरं ठेवायला कपाट लागतं. मुलीला अभ्यासाला टेबल पाहिजे असतं. मग कुणीतरी मोबाईलवरून मागवतं. उभ्या कपाटापेक्षा ते स्वस्त पडतं, कारण गाडीत जागा कमी लागते आणि जोडणीची मजुरी आपल्या हातावर सोडलेली असते.

खोकं आलं की घरात जे हाताशी सापडेल ते घेऊन आपण बसतो. विळीनं खोकं फाडतो, सुरीच्या टोकानं स्क्रू पिळतो, वरवंट्यानं खुंटी ठोकतो. नाहीतर शेजारचा पोरगा ड्रिल घेऊन येतो आणि दहा मिनिटांत सगळं आवळून जातो. महिन्याभरात दार लोंबायला लागतं, खण डोलायला लागतो. मग आपण म्हणतो, मालच हलका होता. कधी कधी तो हलका असतोही. पण पुष्कळ वेळा चांगल्या मालाचं नुकसान पहिल्या अर्ध्या तासात, चुकीच्या हत्यारानं झालेलं असतं. तक्रार करावी तर समोरून उत्तर येतं, जोडताना तुमच्याकडूनच मोडलं. आणि कपाट गटाच्या पैशाचं असलं तर पुढच्या मीटिंगला सगळ्या एकमेकींकडे बघत बसतात.

म्हणून आज हत्यारं कुठली घ्यायची, आणि का, ते नीट समजून घेऊ.

ही फळी लाकडासारखी नसते

आधी फळी ओळखू या. ही बहुतेक वेळा सबंध लाकडाची नसते. लाकडाचा चुरा किंवा तुकडे घेऊन त्यात डिंकासारखं रसायन मिसळतात, उष्णता देऊन दाबतात आणि वरून गुळगुळीत कागद किंवा सनमायका चिकटवतात. याला पार्टिकल बोर्ड म्हणतात. अगदी बारीक तंतूंची असली तर तिला एमडीएफ म्हणतात. अशी फळी उसाच्या चिपाडापासूनही होते. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरलाच चिपाडाचं बोर्ड बनवणारा कारखाना निघाला होता. म्हणजे ही वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही.

आता स्क्रू फळीत धरून कसा राहतो ते बघा. स्क्रूच्या अंगावर आटे असतात. सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडात लांब रेषा असतात, आटे त्यांत रुततात, आणि थोडं जास्त पिळलं तरी लाकूड सांभाळून घेतं. पार्टिकल बोर्डात लांब रेषा नाहीत, चिकटवलेले कण आहेत. शेंगदाण्याची चिक्की आठवा. अख्खी असते तोवर कडक असते, पण एकदा तडकली की पुन्हा जोडता येत नाही. स्क्रू गरजेपेक्षा एक फेरा जास्त फिरला की भोकातले कण सुटून त्यांची भुकटी होते. मग स्क्रू नुसता गरगर फिरतो. त्यालाच आपण आटे मेले म्हणतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. जात्याचा खुंटा सैल झाला तर आपल्या आज्या चिंधी गुंडाळून तो ठोकून बसवायच्या. खाली दगड असायचा, तो घाव सोसायचा. लाकडी खुंटा ओला झाला तर फुगून आणखी घट्ट बसायचा. ही फळी मात्र घावही सोसत नाही आणि पाणीही सोसत नाही. तिच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की ती फुगते, आणि वाळल्यावर पुन्हा होती तशी होत नाही.

यातून दोन नियम निघतात. हत्यार स्क्रूच्या खाचेत नेमकं बसलं पाहिजे. आणि जोर असा हवा की स्क्रू कधी घट्ट झाला ते हाताला कळलं पाहिजे. पुढचं सगळं या दोन नियमांवरच आहे.

स्क्रूड्रायव्हर: एक स्क्रू दुकानात घेऊन जा

या कपाटांच्या बहुतेक स्क्रूंच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी फुली असते. हेन्री फिलिप्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९३० च्या दशकात हा फुलीचा स्क्रू बाजारात आणला, म्हणून त्याला फिलिप्स म्हणतात. दुकानात प्लसचा म्हणून मागितला तरी मिळतो. या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरला नंबर असतात: शून्य, एक, दोन, तीन. फर्निचरला बहुतेक वेळा दोन नंबर लागतो. मुठीच्या किंवा बारीक बिजागरीच्या छोट्या स्क्रूला कधी एक नंबर लागतो.

काही स्क्रूंची फुली नीट निरखून बघा. फुलीच्या चार हातांच्या मधे चार बारीक रेघा दिसतील. तो पोझीड्राइव्ह नावाचा वेगळा स्क्रू. त्याला साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की सटकतो, आणि सटकताना खाच घासून टाकतो. खाच घासली की तो स्क्रू पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

हे नंबर आणि नावं पाठ करत बसायची गरज नाही. पिशवीतला एकेक जातीचा स्क्रू रुमालाच्या गाठीत बांधा आणि हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा. दुकानदाराला म्हणा, याला बसणारा द्या. तिथंच टोक खाचेत घाला आणि हलवून बघा. डुगडुगलं तर टोक लहान आहे. आत पूर्ण गेलं नाही तर मोठं आहे. अजिबात न हलता बसलं तर ते आपलं. मूठ जाड आणि न घसरणारी घ्या. बारीक मुठीला जोर जास्त द्यावा लागतो आणि तळहाताला फोड येतो. टोकाला लोहचुंबक असेल तर उत्तमच, स्क्रू खाली पडत नाही.

वापरताना स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या रेषेत सरळ धरा. आधी दाबा, मग फिरवा. दाब कमी आणि पीळ जास्त झाला की तो सटकतो. सुरीचं टोक याच कारणानं चालत नाही. ते फुलीच्या एकाच रेघेत बसतं, सटकतं, आणि गुळगुळीत फळीवर ओरखडा काढतं. तो ओरखडा पुढे पुसून जात नाही.

वाकडी चावी

खोक्यात बहुधा एक एल आकाराची, सहा कोनांची चावी येते. तिला ॲलन की म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या ॲलन नावाच्या कारखान्यावरून पडलं. चार, पाच किंवा सहा मिलिमीटरची चावी नेहमी लागते. खोक्यात आलेली फेकू नका. कपाट हलवताना, पुन्हा उघडताना तीच लागणार. ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावून ठेवा.

या चावीला दोन हात आहेत, एक लांब आणि एक आखूड. सुरुवातीला लांब हात स्क्रूत घाला आणि आखूड हातानं भराभर फिरवा. स्क्रू टेकला की चावी उलटी करा. आता आखूड हात स्क्रूत आणि लांब हात आपल्या मुठीत. लांब दांड्यामुळे जोर कितीतरी वाढतो, म्हणून इथं फक्त पाव फेरा. त्याच्यापुढे गेलात की फळी चिरण्याचा धोका आहे.

चावी स्क्रूत जराही सैल बसत असेल तर तीच रेटू नका. सहा कोन गोल झाले की काम अडलं. तेव्हा दुकानातून बरोबर मापाची आणा.

मिनीफिक्स: गोल चकतीचं कुलूप

बऱ्याच कपाटांत फळीला फळी जोडायला एक गोल चकती असते. सुतार तिला मिनीफिक्स म्हणतात. एका फळीत लांब डोक्याचा बोल्ट बसवतात, दुसरीत चकती. बोल्टचं डोकं चकतीच्या पोटात शिरतं आणि चकती फिरवली की ती त्याला ओढून धरते. दाराची कडी लागावी तसा हा प्रकार.

इथं चुका दोन होतात. चकतीवर एक बाण किंवा उघडं तोंड असतं. ते बोल्ट येतो त्या भोकाकडे हवं. उलटं असलं तर बोल्ट आत जातच नाही आणि आपण ठोकायला लागतो. दुसरी चूक म्हणजे खूप आवळणं. चकती साधारण अर्धा फेरा फिरली की घट्ट लागते, मग थांबायचं. तिचा धातू ठिसूळ असतो, तो तुटतो. चकतीची खाच मोठी असते, म्हणून तिला रुंद टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. बारीक टोकानं तिचे काठ खरवडले जातात.

ठोकायचं कशानं?

फळ्यांच्या मधे लाकडी खुंट्या असतात, सहा, आठ किंवा दहा मिलिमीटर जाडीच्या. त्या हातानं दाबून जवळजवळ पूर्ण बसायला हव्यात. बसत नसतील तर आधी भोकातला भुसा काडीनं काढा, कारण पुष्कळदा अडथळा तोच असतो. मग रबरी हातोडीनं हळूच ठोका. रबरी हातोडी नसेल तर साध्या हातोडीच्या आणि फळीच्या मधे लाकडाचा तुकडा ठेवा, त्यावर कापड घाला. वरवंटा किंवा बत्ता नको. त्याचं वजन आपल्या ताब्यात राहत नाही. एका घावात खुंटी फळीच्या दुसऱ्या बाजूनं वरचा कागद फोडून बाहेर येते.

पाठीमागची पातळ फळी खिळ्यांनी बसवायची असेल तर हलकी हातोडी घ्या. खिळा बोटांत न धरता वेणीच्या चिमट्यात किंवा जाड पुठ्ठ्याच्या खाचेत धरा, बोटं वाचतील.

लोखंडी अँगलचा रॅक असेल तर त्याला नट-बोल्ट असतात. तिथं पाना घ्या, पक्कड नको. पक्कड नटाचे कोन गोल करते. पाना नेतानाही एक नट बरोबर घेऊन मापाचा आणा.

ड्रिल मशीन: कुठं हवं, कुठं नको

ड्रिलनं काम लवकर होतं हे खरं. पण स्क्रू टेकल्यावर हाताला जे कळतं ते मशीनला कळत नाही. ती फिरतच राहते आणि भोकातले आटे मरतात. मशीन वापरायचीच असेल तर तिच्या गळ्याजवळ आकड्यांची कडी असते, ती सगळ्यात लहान आकड्यावर ठेवा. वेग कमी ठेवा. आणि शेवटचे दोन फेरे हातानंच द्या. भिंत फोडायची हॅमर मशीन फळीच्या जवळसुद्धा आणू नका. मदतीला आलेल्या भावाला किंवा भाच्याला हे आधीच सांगा. कपाट आपलं आहे, सांगायला संकोच नको.

माप, चादर आणि जमीन

शिलाईची टेप हे इथं फार उपयोगी हत्यार आहे. कपाटाचा सांगाडा तयार झाला की पाठीची फळी ठोकण्याआधी तो काटकोनात आहे का ते बघायचं. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. मग दुसरे दोन तिरके कोपरे मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर सांगाडा सरळ आहे. फरक आला तर ज्या तिरक्या मापात जास्त आलं त्या दोन कोपऱ्यांना हळूच दाबा आणि पुन्हा मोजा. गवंडी पायाची आखणी करताना जे करतात तेच हे. पाठीची फळी कपाटाला ताठ धरते. सांगाडा वाकडा असताना ती ठोकली तर कपाट जन्माचं वाकडं राहतं आणि दारं एकमेकांना लागत नाहीत.

आपल्या घरांत शहाबादी फरशी असते, ती सगळीकडे सपाट नसते. जोडताना खाली जुनी सोलापुरी चादर दुहेरी घालून अंथरा. फळीचे कोपरे आणि तिचा गुळगुळीत भाग वाचतो. खोकं उघडताना ब्लेड किंवा विळी फक्त चिकटपट्टीवरून वरच्यावर फिरवा, खाली फळी आहे हे ध्यानात ठेवा. कपाट जिथं उभं करणार तिथं डगमगत असेल तर सांधे आणखी आवळू नका. पायाखाली पातळ पाचर घाला. पाणसळ असेल तर ती वर ठेवून बघा, नसेल तर बाटली थोडीच हवा राहील इतकी पाण्यानं भरून आडवी ठेवा आणि बुडबुडा मधे येतो का ते बघा.

जमीन शेणानं सारवलेली असेल किंवा रोज धुतली जात असेल तर कपाट थेट जमिनीवर ठेवू नका. खाली फरशीचे तुकडे किंवा विटा द्या. खालच्या उघड्या कडांना मेण चोळा किंवा रंग लावा, म्हणजे ओल चढत नाही.

भिंतीला बांधणं विसरू नका

उंच कपाटाबरोबर एक छोटी पट्टी किंवा कोन येतो, तो बाजूला पडून राहतो. तो कपाट भिंतीला बांधण्यासाठी असतो. लहान मूल ड्रॉवर ओढून त्यावर चढलं की कपाटाचं वजन पुढे येतं आणि ते अंगावर पडतं. २०१६ साली अमेरिकेत आयकिया कंपनीनं सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून मुलं दगावली होती, म्हणून. अंगणवाडीत, बालवाडीत, लेकरं असतील त्या प्रत्येक घरात ही पट्टी लावायलाच हवी.

भिंत विटा-सिमेंटची असेल तर ड्रिलनं भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी बसवा आणि तिच्यात स्क्रू पिळा. दगड-मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, माती झडते. माळवदाच्या घरात पट्टी लाकडी खांबाला लावा. तेही जमत नसेल तर उंच कपाट न घेता बुटकं घ्या आणि जड सामान खालच्या खणात ठेवा.

जोडण्याचा क्रम

आधी सगळे स्क्रू ताटात काढून मोजा, कागदावरच्या यादीशी ताडून बघा. कमी असतील तर जोडायला सुरुवातच करू नका, आधी दुकानाला कळवा. खोक्याचा आणि फळ्यांचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला उपयोगी पडतो. मग सगळे स्क्रू अर्धे बसवा. सगळ्या फळ्या जागेवर आल्या की एकेक करून घट्ट करा. पहिलाच सांधा आवळून टाकला तर शेवटची फळी बसत नाही, आणि तेव्हा ठोकाठोकी सुरू होते. कपाट उभं करताना दोघी जणी लागा. उचला, ओढू नका. ओढलं की खालचे सांधे निखळतात.

एखाद्या भोकाचे आटे गेलेच तर घाबरू नका. गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट भरा, वर आलेला भाग कापून टाका आणि एक दिवस वाळू द्या. मग स्क्रू हातानं हळू पिळा. हलक्या दाराला आणि मुठीला हा उपाय चालतो. जड वजनाच्या खणाला मात्र त्यावर भरवसा ठेवू नका, तिथं फळीच बदलून मागा.

गटाची हत्यारपेटी

ही हत्यारं घरोघरी घेण्यापेक्षा गटानं एक पेटी करावी. कागद-पेन घ्या, यादी सांगते. दोन नंबरचा आणि एक नंबरचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर. पोझीड्राइव्हचा दोन नंबरचा एक. रुंद चपट्या टोकाचा एक. ॲलन कींचा जुडगा. रबरी हातोडी. हलकी हातोडी. दहा ते तेरा मिलिमीटरचे पाने. शिलाईची टेप. फेविकॉलची छोटी बाटली. आणि एक जुनी चादर. ड्रिल मशीन पेटीत नको. भिंतीच्या कामापुरती ती भाड्यानं किंवा मागून आणता येते.

पेटीला एक वही ठेवा. कुणी, कधी नेली आणि सगळं परत आलं का, ते लिहा. गटातल्या दोघींनी हे काम आधी हातात बसवून घ्यावं, मग त्यांनी बाकीच्यांना दाखवावं. पुढे गावात कुणाकडे खोकं आलं तर त्या दोघींना मजुरी घेऊन बोलवता येईल. शिलाई मशीनची सुई बदलताना तो बारीक स्क्रू किती आवळायचा हे आपल्या हाताला कळतंच. इथंही तोच अंदाज उपयोगी पडतो.

तुमच्या गटाचं पुढचं खोकं येईल तेव्हा पहिल्यांदा विळी शोधू नका. चादर अंथरा, स्क्रू ताटात ओता, मोजा आणि एक स्क्रू रुमालात बांधून दुकानात जा. कपाट उभं राहिलं की पाट्या-पुस्तकं लावायच्या आधी भिंतीची पट्टी लावली का, तेवढं एकदा बघा.